इझोबेल तळ्यावरचे दिवस

३ मार्च १९८९, शुक्रवार

उद्या पहाटे निघायचं. पाठपिशवी तीनदा भरली आणि तीनदा उपसली. औषधांचा डबा जड होतोय, पण जिनं उभा जन्म औषधांचं दुकान चालवलं त्या बाईनं डोंगरात रिकाम्या हातानं जावं, हे मला पटत नाही.

संध्याकाळी थिआ येऊन गेली. घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडं असू दे."

मी म्हटलं, "अगं, मीही तुझ्याबरोबरच येतेय. मग तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला किल्ली घेऊन कोण जाणार, भूत?"

हसली. किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला! टॅन्सी कुत्री शेजारच्यांना देऊन आलीय. मला वाटलं आठवड्यापुरती. तर म्हणाली, "नाही, दिलीच. त्यांच्याकडं मोठं अंगण आहे." चांगलं झालं. तीन वर्षं ती त्या कुत्रीला आणि त्या घराला धरून बसली होती. आता हळूहळू सुटतेय.

तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात तिचा नवरा यूअन कार्व्हर रांगेवर, इझोबेल तळ्याच्या मुक्कामावरून, धुक्यात चालत गेला आणि आलाच नाही. बरोबर त्याचा मित्र कॉलिन होता, पण तो तापानं तंबूत पडलेला. होबार्टच्या पोलिसांनी आणि आमच्या भटक्यांच्या क्लबानं दोन आठवडे रान पिंजून काढलं. बूट नाही, टोपी नाही, काही नाही. थिआनं ती जागा कधीच पाहिली नव्हती. या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, तिनंच विषय काढला, "मला एकदा तिथं घेऊन चला." कॉलिन सरळ नाही म्हणाला होता. मीच त्याचं मन वळवलं. दुःखाकडं पाठ करून किती दिवस काढणार माणूस? एकदा जाऊन डोळे भरून बघितलं की संपतं. माझं मत आहे हे.

४ मार्च, शनिवार

रस्ता संपतो तिथं कॉलिननं गाडी लावली. तिथल्या पत्र्याच्या पेटीतल्या वहीत आमची नावं लिहिली. आमच्या आधीचं नाव फेब्रुवारीतलं. म्हणजे पुढं कुणी नाही, सगळी रांग आमची.

दिवसभर चिखल. बटनग्रास गवताचे झुपके आणि मधूनमधून काळं, ताकासारखं पातळ दलदलीचं पाणी. कॉलिन एकदा कमरेपर्यंत रुतला. साठी उलटली तरी आपल्या सफरचंदाच्या बागेत शिडीवर माकडासारखा चढतो, पण सपाटीवर त्याचं काही खरं नाही.

"हिलरी, ओढ की! बघत काय बसलीस?"

"फोटो काढावा म्हणते. बागेत लावू, पाखरं येणार नाहीत."

"तुझा लावला होता गेल्या वर्षी. पाखरंच काय, गिऱ्हाइकंही आली नाहीत."

थिआ दोघांनाही मागं टाकून चालत होती. तिची पिशवी भलतीच हलकी दिसते. अंगात यूअनचा जुना हिरवा लोकरी कोट. तो तिला गुडघ्यापर्यंत येतो, पण उबदार असणार.

दुपारनंतर चिखलात बुटांचे ठसे दिसले. एकाच माणसाचे, आमच्याच दिशेनं जाणारे आणि ताजे, कारण कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मी म्हटलं, सरकारी रानरक्षक असेल. ते कुठं वहीत नाव लिहितात! कॉलिन वाकून बघत राहिला. एवढंच म्हणाला, "मोठा पाय आहे." त्यानंतर मुक्कामापर्यंत एकही विनोद नाही.

थिआ नेमकी त्या ठशांत पाय टाकत चालली होती. चिखलात तेच शहाणपणाचं. दुसरा जिथं बुडाला नाही तिथं आपणही बुडत नाही.

जळवा मोजायच्या मी सोडून दिल्यात.

६ मार्च, सोमवार

काल लिहायला जमलं नाही, हात उचलत नव्हते. आज खिंडीतून वर चढलो. चढण अशी की नाक गुडघ्याला लागतं. वर पोचलो आणि एकदम सगळं उघडं झालं: पांढऱ्या दगडाचे सुळके आणि त्यांच्या पोटात काळी तळी. वारा थांबला की इतकी शांतता होते की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

ठसे खिंडीपर्यंत होते. वर खडक आहे, तिथं अर्थातच दिसत नाहीत.

जेवताना थिआनं आपलं चीज आणि सुका मेवा आमच्या दोघांत वाटून टाकला. "मला भूक नाही, तुम्ही खा. उगाच ओझं." मग कॉलिनला यूअनचा चाकू दिला, हरणाच्या शिंगाच्या मुठीचा. कॉलिन घेईना.

"थिआ, हा त्याचा जीव की प्राण होता. ठेव तुझ्याकडं."

"म्हणूनच तुला देतेय. मला काय कापायचंय आता?"

कॉलिननं तो घेतला, पण खिशात टाकायला त्याला बराच वेळ लागला. नंतर बिलीत, आमच्या पत्र्याच्या भांड्यात, चहा उकळत होता तेव्हा मला हळूच म्हणाला, "हिलरी, मला हे ठीक वाटत नाही. उद्या परत फिरू या."

मी म्हटलं, "इतक्या जवळ येऊन? ती किती शांत झालीय बघ तरी. तिच्या गालांवर रंग आलाय. तुलाच त्या जागेची भीती वाटतेय, ती तिच्यावर लादू नकोस."

तो चहा ओतायला वळला. जरा लागलं असेल त्याला. पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

७ मार्च, मंगळवार

इझोबेल तळं. दुपारीच पोचलो.

मी कल्पना केली होती त्याहून लहान आहे. तीन बाजूंनी कडे, चौथ्या बाजूला ठेंगण्या झाडांची दाट जाळी. पाणी चहाच्या रंगाचं. तळ दिसत नाही. तंबूला एकच सपाट जागा आहे, आणि तिथलं गवत दबलेलं होतं, कुणी नुकतंच निजून उठावं तसं. हात लावला तर खालची माती कोमट. बिळातला एखादा वाँबॅट लोळला असणार. अंगानं ते माणसाएवढे रुंद असतात. कॉलिनला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "हो, वाँबॅटच." पण तंबू त्यानं त्या जागेवर ठोकला नाही. शेजारच्या उतारावर ठोकला, दगड टोचतात तिथं.

थिआनं बूट काढून पाय पाण्यात सोडले. मग विचारलं, "कुठल्या बाजूला गेला तो?"

कॉलिननं बोट दाखवलं. झाडांच्या जाळीच्या डावीकडं एक घळ वर जाते. "मी तंबूतून मुंडकं बाहेर काढून म्हटलं, आज जाऊ नकोस. तर म्हणाला, पलीकडचं तळं बघून येतो, चहा ठेव."

"चहा ठेवलास?"

"ठेवला होता."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि त्याचा हात थोपटला, त्याचंच कुणी गेल्यासारखा. हे व्हावं म्हणूनच तर मी हा घाट घातला होता.

संध्याकाळी तिनं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "हिलरी, या तीन वर्षांत तू नसतीस तर मी कधीच गेले असते." कुठं गेली असती कोण जाणे. समुद्रापलीकडं, मुख्य भूमीवर, बहिणीकडं बहुतेक. मी म्हटलं, पुरे आता, रडवशील.

८ मार्च, बुधवार

वाईट दिवस. आधी जे झालं ते लिहिते.

सकाळी थिआला घळीतून वर जाऊन पलीकडचं तळं बघायचं होतं. ढग खाली येत होते. कॉलिन म्हणाला, एकटी जाऊ देणार नाही, मी येतो. तिला ते आवडलं नाही हे मला दिसलं. पण त्यानं ऐकलं नाही, तिच्या पुढंच चालू लागला. घळीच्या तोंडाशी ओला खडक आहे. तिथं, थिआ सांगते, तो एकदम थांबला आणि मागं वळून थिआला म्हणाला, "काही ऐकलंस?" त्याच वेळी त्याचा पाय सुटला.

पडण्याचा आवाज मी तंबूपाशी ऐकला. उजव्या पायाची नळी मोडलीय. हाड बाहेर आलेलं नाही, एवढंच नशीब. दोघींनी त्याला ओढत, मध्ये थांबत, तंबूत आणलं. मी दोन काठ्या लावून पाय बांधला. त्या वेळी थिआचे हात माझ्याहून स्थिर होते. कॉलिन शिव्या घालत होता, मलाही आणि त्या खडकाच्या आईलाही. मग दुखणं मारायला कोडीनच्या गोळ्या दिल्या.

तीन वाजता बर्फ पडायला लागला. मार्चमध्ये! इथं तसा कुठल्याही महिन्यात पडतो.

कुणीतरी रस्त्यापर्यंत जाऊन मदत आणायला हवी. माझे गुडघे ते करू शकत नाहीत. म्हणजे थिआच. तिला तसं म्हटलं. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "उद्या बघू."

९ मार्च, गुरुवार

जाग आली तर थिआ गेलेली. मदतीलाच. शहाणी बाई, आमची झोप मोडली नाही.

आपली झोपपिशवी तिनं कॉलिनवर पांघरली होती. स्वतःचा पावसाळी डगला घडी करून माझ्या उशाशी ठेवला होता. उरलेलं सगळं अन्न, काड्यापेटी, स्टोव्ह भरून ठेवलेला. सोबत काहीच नेलं नाही, फक्त अंगावरचा तो हिरवा कोट. मित्रांसाठी इतकं करणारी माणसं किती असतात? पण डगल्याशिवाय बर्फात चालत जायचं म्हणजे वेडेपणाच. भेटली की चांगली झापणार आहे तिला.

कॉलिन दिवसभर गुंगीत होता. त्याला काही सांगितलं नाही. उगाच काळजी. बाहेर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तंबूवरचं बर्फ अधूनमधून झटकत होते. मधे एकदा वाटलं, कुणी तंबूला वळसा घालून जातंय. बर्फात बूट दाबल्यासारखा आवाज, सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. "थिआ?" म्हणून हाक मारली. कुणी नाही. बर्फ ओघळल्याचा आवाज असाच येतो.

बाहेर जाऊन ठसे बघायला हवे होते. नाही गेले. थंडी फार होती.

अंधार पडायच्या आतच मीही कॉलिनला चिकटून झोपून गेले. मेल्यासारखी झोपले.

१० मार्च, शुक्रवार

सकाळी कॉलिन शुद्धीवर आला. आल्या आल्या विचारलं, "थिआ कुठाय?"

मी अभिमानानं सांगितलं, की काल पहाटेच मदत आणायला गेली.

तो कोपरावर उठायला बघू लागला. "काय घेऊन गेली?"

"काही नाही, सगळं आपल्यासाठी ठेवून..."

"हिलरी," तो म्हणाला, "बिली घे आणि वाजव."

"कशाला? ती एव्हाना खाली सपाटीवर पोचली असेल. तिला कसं ऐकू जाणार?"

"वाजव म्हणतो ना, बये! बाहेर जा आणि हात मोडेपर्यंत वाजव!"

माझ्यावर असा ओरडला नव्हता तो कधी. दुखण्यानं माणूस कावतो. त्याचं समाधान व्हावं म्हणून मी बिली आणि मोठा चमचा घेऊन तळ्याकाठी उभी राहिले. बर्फ थांबला होता, धुकं मात्र दुधासारखं. वाजवत राहिले. कड्यांवर आपटून आवाज परत येत होता, जरा उशिरा, आणि मला सारखं वाटत होतं की तो माझ्याच बिलीचा नाही. खांदा भरून आला की हात बदलायचा. तंबूतून कॉलिनचा आवाज, "थांबू नकोस!" रडत होता बहुतेक.

किती वेळ गेला माहीत नाही. धुक्यातून कुणीतरी येताना दिसलं. आधी नुसता तो हिरवा कोट. घळीच्या बाजूनं.

खरं सांगते, माझ्या हातातला चमचा गळून पडला. एक क्षण मला वाटलं, तोच.

थिआ होती. केसांत बर्फ, ओठ निळे, हातमोजे नाहीत, उजव्या हाताची बोटं मेणासारखी. ती जवळजवळ धावत येत होती आणि हसत होती. असं हसू मी तिच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मग मी दिसले, आणि हातातली बिली. ती जागच्या जागी थांबली.

"तू होय," म्हणाली.

तो चेहरा मला विसरायला आवडेल. दमली होती, दुसरं काय.

मी तिला तंबूत घेतलं, ओले कपडे काढले, तिचे हात माझ्या काखेत धरले. मधल्या काळात बडबड चालूच होती माझी, की रस्ता एका दिशेला आणि तू आलीस घळीतून, म्हणजे धुक्यात भलतीकडंच गेलीस, आणि डगला कशाला ठेवलास? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काल संध्याकाळपासून तूच वाजवत होतीस?"

"काल कुठं? आज सकाळीच सुरू केलं. काल तर मी झोपले होते."

"काल संध्याकाळी," ती म्हणाली. "मी पलीकडच्या तळ्यावर बसले होते. झोप येत होती, छान वाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी भांडं वाजवायला लागलं. जवळच. उठून गेले की थोडं पुढं सरकायचं. मग परत पुढं. बसूच देईना मेलं."

थंडीनं कान वाजतात. तिला तसं सांगितलं. कॉलिननं हात लांब करून तिचा पाय धरला आणि सोडलाच नाही.

"कॉलिन," ती त्याला म्हणाली, "तू माझ्यामागं आला नसतास तर पाय मोडला नसता."

"माझा दुसरा पाय आहे अजून," कॉलिन म्हणाला. "तू परत जाऊन बघ, तोही मोडून दाखवतो."

यावर दोघंही हसायला लागले, आणि मग हसणं राहिलं नाही. मी ओटची लापशी केली. थिआनं ती सगळी खाल्ली. भांडं बोटानं पुसून खाल्लं, डाव्या हाताच्या. रस्ता सोडल्यापासून तिला असं खाताना पाहिलं नव्हतं.

दुपारी धुकं विरळ झालं. तिनं डगला चढवला, माझे हातमोजे घेतले, चीज खिशात टाकलं. तंबूच्या दाराशी वाकून कॉलिनला म्हणाली, "आता मी जाते. खरंच जाते."

"शपथ?"

"चहा ठेव," ती म्हणाली.

"खरंच" कशाला म्हणाली, मला कळलं नाही. पहिल्यांदा काय खोटंच गेली होती?

१३ मार्च, सोमवार

ढग उठले आणि हेलिकॉप्टर आलं. कॉलिनला उचललं, मग मला. वरून तळं बशीएवढं दिसलं, आणि पलीकडं दुसरं, त्याहून काळं. वैमानिकानं सांगितलं, तुमच्या मैत्रिणीनं सपाटीवरही मुक्काम केला नाही, रात्रभर चालत होती. शेवटी एका लाकडं नेणाऱ्या ट्रकपुढं आडवी उभी राहिली.

मी त्याला विचारलं, की आम्ही गेलो तेव्हा वर आणखी कुणी होतं का, एखादा रानरक्षक? म्हणाला, नाही. महिनाभर वर कुणी गेलेलं नाही.

१८ मार्च, शनिवार

होबार्टला इस्पितळात कॉलिनला भेटून आले. पायात सळई घातलीय. नर्सना छळतोय, म्हणजे ठीक आहे.

थिआची दोन बोटं जातील म्हणतात. पोलिसांनी तिला विचारलं, पहिल्यांदा, गुरुवारी, कुठं निघाला होतात. तिनं सांगितलं, रस्त्याकडं. मीही तसंच सांगितलं, ठासून.

कॉलिनला हे सांगितलं तर त्यानं माझं मनगट धरलं. मग म्हणाला, "तिला एकटं राहू देऊ नकोस."

"तिला माणसं आवडत नाहीत फारशी."

"तरी राहू देऊ नकोस. तिचं घर बंद कर, कुत्री परत आण, तिला तुझ्याकडं ने. भांडली तर भांडू दे."

"एवढं काय त्यात? बोटांचीच तर जखम आहे."

माझ्याकडं असा बघत राहिला, जसं लहान मुलाकडं बघतात. "हिलरी, तू फार भली बाई आहेस. काही बदलू नकोस."

याचा अर्थ काय लावायचा? मी निघाले तर परत हाक मारली. "त्या संध्याकाळी, गुरुवारी, तू माझ्या शेजारी झोपली होतीस ना?"

"घोरत होते म्हणशील आता."

"घोरत होतीस. तरी बाहेर बिली वाजत होती. मला वाटलं तूच. मग पाहिलं तर तू इथं, आणि बिली तुझ्या पायाशी."

मी म्हटलं, कोडीन. त्या गोळ्या मी जन्मभर विकल्यात, त्यांनी काय काय ऐकू येतं ते मला विचार. तो म्हणाला, "हो, कोडीनच." त्या वाँबॅटसारखंच म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, थिआनं तर त्या गोळ्या घेतल्या नव्हत्या.

२ एप्रिल, रविवार

थिआ दहा दिवसांपासून माझ्याकडं आहे. भांडली नाही. वरची खोली दिलीय, टॅन्सीही आणली. बँडेजमुळं तिला गुंड्या लावता येत नाहीत. सकाळी मी लावून देते, ती लहान मुलीसारखी हनुवटी वर करून उभी राहते. जेवते बरी. बोलते कमी. आम्ही तळ्याचा विषय काढत नाही. मीच काढत नाही म्हणा.

आज दुपारी जेवणानंतर ती बैठकीतल्या कोचावर झोपून गेली. दूध संपलं होतं, आणि रविवारी कोपऱ्यावरचं दुकान लवकर बंद होतं. जाऊन यायला कितीसा वेळ लागतो? कोट घातला, पैसे घेतले, दारापर्यंत गेले.

आणि परत आले. का, ते सांगता येत नाही. कोट न काढताच तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले. तिची छाती वर जायची, खाली यायची. मधे एकदा थोडी जास्त थांबल्यासारखी वाटली, आणि मी उठून उभीच राहिले. मग पुन्हा वर आली.

दुकान बंद झालं. अंधारून आलं. दिवा लावायलाही उठले नाही. चहा आज बिनदुधाचाच घेऊ.